दप्तरातला कोयता: शस्त्रनियंत्रण आणि शाळकरी वयातली हिंसा

भारतात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही. ती पडताळणी करून दिलेली आणि काढून घेता येणारी परवानगी आहे. अमेरिकेत नेमकी उलट स्थिती आहे. तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ मध्ये शस्त्र बाळगण्याला हक्काचा दर्जा दिला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा, घरात स्वसंरक्षणासाठी वापरता येणारा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे तिथे शाळेत गोळीबार झाला की या हक्काला किती आवर घालावा, यावर वाद पेटतो. पुण्यात, वारज्यासारख्या उपनगरात, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कोयत्यासह सापडतो तेव्हा प्रश्न वेगळा असतो. बंदुकीवर कायद्याची पकड आधीपासून घट्ट असलेल्या देशात मुलाच्या हाती शस्त्र येते कुठून? मराठी मुलखात शस्त्रनियंत्रणाचा विचार याच प्रश्नापासून करावा लागतो, आणि त्याचा माग काढत गेले की प्रत्येक वाट एखाद्या प्रौढ माणसाच्या दारात पोहोचते.

भारतातल्या शस्त्रकायद्याचा उगम वसाहतीच्या काळातला आहे. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, युरोपीय मात्र त्यातून वगळले गेले. हा भेदभाव टिळकांच्या पिढीला जिव्हारी लागला होता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळापासून हा कायदा बदलण्याची मागणी होत राहिली, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घालण्यात आला. स्वातंत्र्यानंतर घटना लिहिताना ती मागणी पुन्हा पुढे आली. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी हा हक्क घटनेत यावा अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. चोर-दरोडेखोरांनाही हाच हक्क द्यायचा काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. ज्या कायद्याला गुलामीची खूण म्हटले गेले, त्यातले परवान्याचे तत्त्व स्वतंत्र भारताने विचारपूर्वक, खुल्या चर्चेनंतर कायम ठेवले. भारतातल्या शाळांना आज जे संरक्षण मिळते आहे, त्याचा मोठा वाटा या निर्णयाचा आहे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम याच तत्त्वावर उभा आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, नेमबाजीच्या प्रशिक्षणासारखे अपवाद सोडता, अग्निशस्त्र मिळत नाही. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेण्याची आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी देण्याची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली आणि लग्न-मिरवणुकीत आनंदाच्या भरात केलेला गोळीबारही गुन्हा ठरवला. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे, आयुक्तालयाबाहेर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. नकार मिळालेल्याला अपील करता येते. कोथरूड परिसरातल्या एका अर्जावरून २०२५ च्या ऑक्टोबरात राज्यभर जो गदारोळ झाला, तो याच अपिलाच्या टप्प्यावरचा होता. पोलिसांनी नाकारलेल्या अर्जाला शासनपातळीवर मंजुरी मिळाली होती, परवाना मात्र पोलिसांनी दिला नाही. नियमांचा कस शेवटी परवान्यावर सही करणाऱ्याच्या टेबलावर लागतो.

परवाना आहे म्हणजे शस्त्र सुरक्षित हातात आहे, असेही मानता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात एका आमदाराने केलेला गोळीबार आणि त्यानंतर आठवडाभरातच दहिसरमध्ये समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना झालेली माजी नगरसेवकाची हत्या, या दोन्ही घटनांत वापरलेल्या शस्त्रांना परवाना होता. दहिसरमध्ये तर परवाना एकाचा आणि चाप ओढणारा हात दुसऱ्याचा होता.

जगाच्या अनुभवातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात सांगता येतात. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात १३ मार्च १९९६ रोजी एका माणसाने प्राथमिक शाळेत शिरून १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. त्याच्याकडची पिस्तुले परवान्याची होती. मृत मुलांच्या पालकांनी मोहीम उभारली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्याच १९९६ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. तिथल्या सरकारने अर्धस्वयंचलित बंदुकांवर निर्बंध घातले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. अमेरिकेत कोलंबाइन (१९९९), सँडी हूक (२०१२), पार्कलँड (२०१८), युवाल्डी (२०२२) अशी नावे वाढत गेली आणि कायदा फारसा हलला नाही. व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचा बळी गेला, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. परदेशी शिकणाऱ्या लेकरांच्या काळजीत त्या दिवसापासून कितीतरी मराठी घरांत बंदुकीची भर पडली.

बंदूक नव्हे, माणूस मारतो, हा शस्त्रनिर्बंधांच्या विरोधातला सर्वांत जुना युक्तिवाद. त्याचे उत्तर १४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवसाने दिले आहे. त्या दिवशी अमेरिकेतील सँडी हूकच्या शाळेत बंदूकधाऱ्याने २० लहान मुले आणि सहा प्रौढांना मारले. त्याच दिवशी चीनच्या हेनान प्रांतात एका माणसाने सुरा घेऊन प्राथमिक शाळेतल्या वीसहून अधिक मुलांवर हल्ला केला. मुले गंभीर जखमी झाली, दगावले कोणीही नाही. मनातला द्वेष दोन्हीकडे होता, पण मृतांचा आकडा शस्त्राने ठरवला. अर्थात सुराही जीव घेतो. जपानमध्ये बंदूक मिळणे अतिशय अवघड आहे, तरी ओसाकाजवळच्या इकेदा शहरातील शाळेत ८ जून २००१ रोजी सुऱ्याने आठ मुलांचे प्राण घेतले. बंदुकीवरचे नियंत्रण संहाराचे प्रमाण खाली आणते, हिंसेचे मूळ तसेच राहते. पुण्याला ही दुसरी बाब अधिक लागू पडते.

भारतातल्या शाळांत बंदूक फार क्वचित शिरली, पण जेव्हा शिरली तेव्हा ती कुठून आली हे पाहण्याजोगे आहे. ११ डिसेंबर २००७ रोजी गुरुग्राममधील एका खासगी शाळेत आठवीच्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या. पिस्तूल वडिलांचे होते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेला ठार केले. शस्त्र पुन्हा वडिलांचे, परवान्याचे. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल आणले आणि तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. पाच वर्षांचे मूल पिस्तूल कुठून विकत आणणार? ते घरातूनच येणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुरुग्राममध्येच, शाळेबाहेर, अकरावीच्या मुलाने वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने सोबत्यावर गोळी झाडली. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला नववीच्या मुलाने डब्यात लपवून आणलेल्या गावठी कट्ट्यातून शिक्षकावर गोळी झाडली, ती घटना यापासून थोडी वेगळी. बाकीच्या घटनांत मुलाने शस्त्र शोधलेच नाही, ते घरच्या कपाटात होते.

यात महाराष्ट्राचे नाव नाही. उत्तर प्रदेशासारख्या, देशात सर्वाधिक परवाने असलेल्या राज्यात बंदूक घराच्या प्रतिष्ठेशी जोडली गेली आहे, तशी ती मराठी मध्यमवर्गीय घरात सहसा नसते. पण परवानाधारकाने हत्यार कसे ठेवले आहे, किल्ली कोणाकडे असते, घरात किती वयाची मुले आहेत, ही पाहणी अर्जाच्या वेळी एकदा होऊन भागत नाही. निवडणुकीच्या आधी शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत आहे. तशी घरातल्या साठवणीची तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले. वडिलांनी पिस्तूल घेऊन आठवडाही झाला नव्हता. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आई-वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. सामूहिक गोळीबार करणाऱ्या मुलाच्या कृत्याबद्दल पालकांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. हक्काच्या भाषेत बोलणाऱ्या त्या देशालाही अखेर घरातल्या प्रौढांपर्यंत यावे लागले.

पुण्याचे हत्यार मात्र बंदूक नाही. ते कोयता आहे, आणि कोयत्याची अडचण अशी की तो हत्यार होण्याआधी अवजार असतो. दरवर्षी पावसाळा सरला की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर साखरपट्ट्याकडे निघतात. मुकादम त्यांना उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. शहरात नारळपाण्याच्या गाडीवर तो असतो, सोसायटीची झाडे छाटणाऱ्याच्या पिशवीत असतो. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू बंदीच्या यादीत घालणे म्हणजे लाखो कष्टकऱ्यांच्या हातातले काम काढून घेणे.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे, पण सोडवलेली नाही. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत धारदार आणि प्राणघातक शस्त्रे येतात, मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते असलेल्या तलवारी, खंजीर, सुरे यांची नोंद नियमांच्या अनुसूचीत आहे, आणि तिथेही शेतीच्या अवजारांना सूट आहे. अशा शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा करणारे कलम ४ केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच लागू होते. बातम्यांत रोज वाचायला मिळणारे ‘आर्म अ‍ॅक्ट चार-पंचवीस’ ते हेच. त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ असते. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून सार्वजनिक ठिकाणी हत्यार घेऊन फिरायला मनाई करतात आणि तो मोडणाऱ्यावर कलम १३५ लागते. थोडक्यात, रात्री अकरा वाजता शर्टाखाली लपवलेला कोयता आणि सकाळी नारळ सोलणारा कोयता यांत पात्याचा काही फरक नसतो. वेळ, जागा आणि हेतू यांचा फरक असतो, आणि तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

‘कोयता गँग’ हा शब्द पुण्याबाहेर सर्वतोमुखी झाला तो २०२२ च्या अखेरीस, सिंहगड रस्ता-आंबेगाव परिसरात कोयते नाचवत दुकाने आणि गाड्या फोडणाऱ्या तरुणांची चित्रफीत पसरल्यावर. अशी कोणती एक टोळी कधीच नव्हती. कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या गल्लोगल्लीच्या पोरांना ते नाव मिळाले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून शंभरावर कोयते जप्त केले आणि कोयता विकताना घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला विक्रेत्यांना सांगितले. पुढच्या महिन्यात हत्यारबंद गुंड पकडणाऱ्या पोलिसांसाठी बक्षिसे जाहीर झाली. आधार कार्डाच्या कल्पनेची तेव्हा बरीच थट्टा झाली, आणि ती अनाठायी होती. विक्रीच्या टोकाला वयाची अट घालणे हा जगभर वापरलेला आणि समंजस उपाय आहे. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील मुलाला सुरा विकणे गुन्हा आहे आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून भीती घालण्यासाठीच बनवलेल्या मोठ्या पात्यांचे सुरे आणि मॅशेटी बाळगायलाही बंदी आहे. आपल्याकडे कोयत्याच्या विक्रीला वयाची कायदेशीर अट नाही. पोलिसांची तोंडी ताकीद त्या त्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर विरते. ऊसतोड कामगार सज्ञान असतो आणि त्याच्यासाठी कोयते बहुधा गावाकडचा लोहारच बनवतो. शहराच्या दुकानात अल्पवयीन मुलाला कोयता विकायला मनाई केली तर त्याचे काहीच अडत नाही. हा नियम महाराष्ट्राने लेखी करायला हवा.

शाळकरी वय या हिंसेच्या दोन्ही बाजूंना उभे आहे. १२ ऑक्टोबर २०२१ रोजी बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावाला आलेल्या आठवीतल्या मुलीचा एकतर्फी प्रेमातून, धारदार हत्याराने खून झाला. हल्लेखोरांत अल्पवयीन मुले होती. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत पेरूगेट चौकीजवळ भरदिवसा एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन तरुण धावला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी पुढे होऊन तो कोयता धरला, म्हणून ती वाचली. पुण्याबाहेर, उदयपूरला ऑगस्ट २०२४ मध्ये दहावीच्या मुलाला सहाध्यायाने भोसकले. जखमी मुलगा तीन दिवसांनी गेला आणि दरम्यान शहर धार्मिक तणावात होरपळले. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या शाळेबाहेर आठवीतल्या मुलाने दहावीच्या मुलाला भोसकून मारल्यावर संतप्त जमावाने शाळाच फोडली. यांतल्या कोणत्याही घटनेत बंदूक नव्हती. भांडणाचे कारण बहुधा इतके किरकोळ असते की ते ऐकताना आई-बापांच्या काळजात चर्र होते: कुणी कुणाला धक्का दिला, कुणी ‘खुन्नस’ देऊन पाहिले, कुणी कुणाच्या फोटोवर काय लिहिले.

वारज्याची जडणघडण इथे लक्षात घ्यायला हवी. मुठेच्या काठचे हे गाव १९९७ मध्ये महापालिकेत आले. एका बाजूला मुंबई-बंगळुरू महामार्ग, दुसऱ्या बाजूला कर्वेनगर, म्हणजे महर्षी कर्व्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिथे मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले ते हिंगणे. शेतजमिनींवर सोसायट्या उभ्या राहिल्या. माळवाडी, रामनगर या भागांत दाटीच्या वस्त्या वाढल्या. गाड्या फोडल्याच्या, कोयते उगारून दहशत माजवल्याच्या बातम्या या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा येतात. रात्री रांगेने उभ्या रिक्षा, टेम्पो, दुचाकी यांच्या काचा फोडायच्या, त्याची रील करायची, वस्तीत नाव करायचे, हा त्यातला ठरून गेलेला क्रम. काच फुटते ती बहुतेक वेळा हप्त्यावर रिक्षा घेतलेल्याची, आणि दुसऱ्या दिवसाची कमाई बुडते तीही त्याचीच. कोयत्याच्या बऱ्याच घटनांत कुणाला मारायचे नसते, भिऊन राहणारे प्रेक्षक मिळवायचे असतात. मोबाइलने हे प्रेक्षक फुकट मिळवून दिले आहेत. हत्यारासह स्वतःचा फोटो टाकणाऱ्याला पोलीस आता त्या फोटोवरूनच उचलतात, पण फोटोला ‘भाई’ म्हणून दाद देणारे शेकडो जण शाळेतच बसलेले असतात.

वारज्याचे नाव बंदुकीच्या संदर्भात देशभर पोहोचले ते वेगळ्या कारणाने. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि तपासाचा एक धागा काही तासांतच वारज्यात आला. गोळीबाराचा आरोप असलेल्यांपैकी उत्तर प्रदेशातल्या बहराइचचे दोन तरुण वारज्यात भंगाराच्या दुकानात काम करत होते. कटात सामील असल्याच्या आरोपावरून पुण्यातून पकडलेल्या तरुणाची डेअरीही याच भागात होती. अटकेतल्या एकाने न्यायालयात आपण अल्पवयीन असल्याचा दावा केला. हाडांच्या तपासणीत तो सज्ञान ठरला. गुन्ह्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडा न्यायालय करील. पण हातावर पोट असलेल्या, घरापासून हजार किलोमीटर दूर राहणाऱ्या कोवळ्या वयाच्या पोरांना पिस्तूल पुरवू शकणारी साखळी आहे, आणि तिला वारजे हे सोयीचे ठिकाण वाटले, हे या प्रकरणाने डोळ्यांपुढे आणले. महामार्गालगत, भाड्याच्या खोल्या भरपूर, शेजाऱ्याची चौकशी कुणी करत नाही: कामगारांना जे सोयीचे तेच अशा साखळीलाही.

पुण्यात येणारी गावठी पिस्तुले मुख्यतः मध्य प्रदेशातून येतात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला लागून, सीमेपलीकडच्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी गाव यासाठी पोलिसांच्या नोंदीत वर्षानुवर्षे आहे. लोखंड तापवून, कानस मारून तिथे पिस्तूल घडवले जाते आणि एजंटांच्या हातून खानदेशमार्गे पुणे-मुंबईला पोहोचते. पुणे शहरात पकडलेल्या पिस्तुलांचा माग काढत पुणे पोलिसांच्या मोठ्या पथकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट उमर्टीत छापा घातला, भट्ट्या उद्ध्वस्त केल्या आणि अनेकांना ताब्यात घेतले. पुण्यात एकेक कट्टा पकडण्यापेक्षा ही कारवाई मोलाची होती, कारण ती पुरवठ्याच्या मुळावर होती. कोथरूडच्या सुतारदऱ्यात ५ जानेवारी २०२४ रोजी, नाना पेठेत १ सप्टेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा तिथेच ५ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या टोळीयुद्धातल्या हत्यांत पिस्तुले चालली. यांतल्या शेवटच्या हत्येत बळी गेला तो शिकवणीवरून धाकट्या भावाला घेऊन परतलेला कॉलेजवयीन मुलगा होता. मोठ्यांच्या वैराचा हिशेब त्याच्यावर चुकता केला गेला.

टोळ्या अल्पवयीन मुलांना पुढे करतात याचे कारण उघड आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि त्याखालच्या नियमांनुसार किरकोळ व गंभीर (पण अतिगंभीर नव्हेत अशा) गुन्ह्यांत, सोबत प्रौढ आरोपी नसेल तर, मुलावर प्रथम खबर नोंदवली जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार होतो आणि पालकांना बोलावले जाते. केवळ कोयता बाळगल्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्याने तो गुन्हा किरकोळ वर्गात मोडतो. ही तरतूद मुलाच्या हिताची आहे आणि योग्य आहे. पण ‘तुला काही होत नाही, महिन्याभरात बाहेर’ हे वाक्य भाईच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला कायद्याची करुणा म्हणजे सूट वाटते.

यावर लोकांतून येणारी मागणी ठरलेली असते: वय खाली आणा. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर ती इतकी तीव्र झाली की २०१५ च्या कायद्यात, किमान सात वर्षे शिक्षेच्या अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येईल अशी तरतूद झाली. त्याआधी बाल न्याय मंडळाने मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. खुनासाठी ही तरतूद लागू आहेच. काच फोडणाऱ्या, कोयता बाळगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी वय खाली आणून काय साधेल? तो सराईत गुन्हेगारांच्या बराकीत जाईल आणि तिथून अधिक पक्का होऊन परतेल.

जे कलम वापरायला हवे ते त्याच कायद्यात आहे, आणि त्याची चर्चा क्वचित होते. कलम ८३ च्या दुसऱ्या उपकलमानुसार मुलाचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला वा प्रौढांच्या टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. मुलाकडे कोयता वा कट्टा सापडला की तो कुणी दिला, पैसे कुणी भरले, पकडल्यावर वकील कुणी लावला, गाडी कुणाची, या प्रश्नांचा तपास याच कलमांखाली व्हायला हवा. हा तपास वेळखाऊ असतो, साक्षीदार वस्तीतलेच आणि घाबरलेले असतात. मुलांची धिंड काढून चित्रफीत प्रसिद्ध करणे त्यापेक्षा सोपे, आणि अल्पवयीन मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने स्पष्ट मनाई असल्याने ते बेकायदाही आहे.

शाळेच्या फाटकावर काय करता येईल, याची उत्तरे बहुधा यंत्रांत शोधली जातात. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणानंतर शाळांमध्ये सीसीटीव्हीची सक्ती झाली. ती लैंगिक अत्याचाराच्या संदर्भात आली होती, पण पालकांच्या मनात ती सगळ्याच सुरक्षिततेची हमी झाली. कॅमेरा घडलेले टिपतो, घडणारे क्वचितच थांबवतो. दप्तरांची अधूनमधून झडती योग्यच, पण ती वर्गशिक्षकाने, मुलांचा अपमान न करता घ्यावी. युवाल्डीच्या शाळेत जवळपास पावणेचारशे सशस्त्र पोलीस पोहोचले होते, तरी हल्लेखोराला रोखायला सव्वा तास लागला. शाळेला शस्त्राने संरक्षण देण्याच्या कल्पनेची मर्यादा तिथे दिसली.

खरा उपयोगी धडा वेगळ्या अभ्यासातून आला. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००२ मध्ये शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुतेक घटनांत हल्ल्याची कल्पना आधीच कुणाला तरी होती, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा मित्र किंवा वर्गमित्रच होता. पुण्यातही वेगळे नाही. कोण कोयता घेऊन फिरतो, कुणाच्या स्टेटसवर काय आहे, हे वर्गाला माहीत असते. शिक्षकाला ते सगळ्यांच्या शेवटी कळते, कारण त्याला सांगितले तर आपले नाव फुटेल ही भीती असते आणि त्या मुलाच्या हाती दाखला पडेल ही मैत्रीतली काळजीही असते. पुणे पोलिसांची ‘पोलीस काका’ आणि ‘पोलीस दीदी’ ही योजना या ठिकाणी कामाची आहे. प्रत्येक शाळेला ओळखीचा एक पोलीस असावा, मुलांकडे त्याचा नंबर असावा, एवढाच तिचा साधा गाभा. भाषणापुरता वर्षातून एकदा येणारा काका मुलांच्या विश्वासाला पात्र होत नाही, दर आठवड्याला मैदानावर दिसणारा होतो.

ग्लासगो शहर एके काळी सुरीमारीसाठी युरोपात बदनाम होते. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा ही साथीसारखी पसरते असे मानून वेगळा विभाग स्थापन केला. रुग्णालय, शाळा, समाजसेवक आणि पोलीस एकत्र बसून कोणत्या मुलाला कोण भेटणार हे ठरवू लागले. टोळीतल्या मुलांना न्यायालयात बोलावून जखमींवर उपचार करणारे डॉक्टर आणि मुले गमावलेल्या आयांसमोर बसवले गेले. हे करायला पुण्याला नवा कायदा लागत नाही. महापालिकेच्या शाळा, ससून आणि महापालिकेची रुग्णालये, पोलीस ठाणी आणि बाल न्याय मंडळ ही सगळी यंत्रणा आहे. तिचा एकत्र बसण्याचा ठरलेला दिवस नाही.

हाती हत्यार धरलेल्या मुलाचे शाळेने पुढे काय करायचे, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीपासून हे संरक्षण नाही, आणि दप्तरात सुरा सापडला की पालकांना बोलावून दाखला हातात देणे ही सर्रास पद्धत आहे. इतर मुलांच्या पालकांचा दबाव असतो, शाळेचीही काही चूक नाही असे वाटू शकते. पण दुपारच्या बारा वाजता चौकात बसायला मोकळा झालेला चौदा वर्षांचा मुलगा ज्याला हवा असतो, तो भाई त्याच चौकात असतो. मुलाला काही दिवस वर्गाबाहेर ठेवून समुपदेशन करता येईल, तुकडी बदलता येईल, दोन शाळांनी आपसांत ठरवून त्याला दुसरीकडे प्रवेश देता येईल. बाल न्याय कायद्याने मुलाचा गुन्हा पुढच्या आयुष्यात अपात्रतेचे कारण ठरू नये अशी तरतूद केली आहे, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरलेला सोडून. कोणतीही शाळा केवळ जुन्या प्रकरणावरून त्याला दार बंद करत असेल, तर ते या तरतुदीच्या हेतूविरुद्ध आहे.

ज्याची शाळा सुटलीच आहे त्याच्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसण्याची सोय राज्य मंडळाने ठेवली आहे. मात्र अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागतो, आणि येरवड्याच्या निरीक्षणगृहातून सुटलेल्या मुलाच्या घरी ही माहिती देणारे कुणी नसते. मुलाची वैयक्तिक देखभाल योजना तयार करताना परिविक्षा अधिकाऱ्याने हा अर्ज, दाखला आणि त्याची तारीख तिच्यात लिहावी आणि बाल न्याय मंडळाने सुटकेच्या आदेशातच ती जबाबदारी नावानिशी सोपवावी. निरीक्षणगृहात मूल असतानाच हा अर्ज भरून घेता येतो.